लाल होईपर्यंत

“पिवळ्याला आता काही मिळणार नाही,” सुपरवायझर म्हणाला आणि ट्रकच्या पायरीवर बसून बुटातली माती झाडायला लागला.

थोरली खोकी उतरवून घेत होती. तिचा हात थांबला.

“म्हणजे कधीपर्यंत?”

“ते मला कुणी सांगितलेलं नाही.”

“अहो, निम्मी वस्ती पिवळी आहे.”

“लाल झालं की द्यायचं. तोवर नाही.” त्यानं दुसरा बूट काढला. “ज्या देशांकडून हे येतं त्यांनी हात आखडता घेतलाय, बाई. तिकडे नवं सरकार आलंय. आधी आपल्या घरचं बघू म्हणतात. आहे त्यात जी पोरं मरायला टेकलीत ती तरी वाचवू, असं वर ठरलं.”

 थोरलीनं खोकी छपराखाली नेऊन भिंतीला लावली. एरवी भिंतीची अर्धी उंची भरायची. आज खोक्यांवरून पलीकडच्या भिंतीचा पोपडा दिसत होता.

पाकिटं समुद्रापलीकडून यायची. शेंगदाणे, दुधाची पावडर, तेल आणि साखर एकत्र वाटून केलेला घट्ट गर त्यात असायचा. पोरानं कोपरा दातानं फाडायचा आणि चोखायचं. ते कुणाला द्यायचं हे पट्टीनं ठरायचं. पट्टी पोराच्या दंडाभोवती गुंडाळायची, टोक खाचेतून ओवायचं आणि छोट्या खिडकीत कुठला रंग येतो ते बघायचं. हिरवा म्हणजे बरं. पिवळा म्हणजे पोर उतरणीला लागलं. लाल म्हणजे हातचं चाललं.

पट्टी थोरलीकडे होती. तिला स्वतःला मूल नव्हतं, नवरा लांब खाणीवर. कुणाला झुकतं माप देणार नाही म्हणून वस्तीनं तिलाच पुढं केलं होतं. आणि खरंच तिनं कधी दिलं नव्हतं. पट्टी कातडीला टेकायला हवी, रुतायला नको, असं शिकवताना सांगितलं होतं. ती तशीच लावायची, मग पोर कुणाचंही असो.

बायका जमल्या तेव्हा तिनं उभ्यानंच सांगून टाकलं. कुणी आरडाओरडा केला नाही. दोन वर्षं पावसानं पाठ फिरवल्यापासून बायकांना ओरडायचाही कंटाळा आला होता. एक म्हातारी तेवढी म्हणाली, “माझ्या दंडाला लाव गं पट्टी. मी कधीची लाल आहे.” बायका हसल्या. मग एकेक पुढं यायला लागल्या, आणि ज्यांची पोरं पिवळी निघाली त्या पोराची बाही खाली ओढून रिकाम्या हातानं उन्हात चालत्या झाल्या.

शेवटी थोरलीची जाऊ आली. धाकटी. कडेवर भोपळ्या आणि पदराला धरून मोठी मुलगी चिमणी.

भोपळ्या हे नाव थोरलीनंच ठेवलं होतं. जन्मला तेव्हा गोल, टणक, मानच दिसायची नाही. आता मान दिसत होती आणि मानेखालची हाडंही, पण नाव बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं. पट्टी बघितल्याबरोबर त्यानं भोकाड पसरलं. थोरलीनं टोक ओवलं, पट्टी टेकवली. पिवळा. पिवळ्याची अगदी कड, खिडकीच्या टोकाला लाल लागून उभा.

“जाऊबाई, ओढा ना जरा,” धाकटी हळूच म्हणाली.

“पिवळा आहे.”

“ओढलं की लाल होतं. इतके दिवस बघते मी. इथं कोण आहे बघायला?”

“ओढून कसं चालेल? उद्या सगळ्याच म्हणतील ओढा.”

“सगळ्या म्हणजे तुमच्या घरच्या आहेत का?”

थोरलीनं पट्टी सोडवली आणि गुंडाळून खिशात ठेवली. “पुढच्या खेपेला बघू,” ती म्हणाली. धाकटीनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि निघून गेली.

---

घर एकच होतं, चूल एकच होती. मध्ये गोणपाटाचा पडदा. धाकटीचा नवरा, थोरलीचा दीर, रस्त्याच्या कामावर खडी फोडायचा. त्याच आठवड्यात हातोडा अंगठ्यावर बसला. अंगठा काळा पडला, सुजला, नखाखालून पाणी यायला लागलं. मुकादमानं बघितलं आणि म्हणाला, “फुटका हात घेऊन कशाला येतोस? दगड फोडायचाय, गोंजारायचा नाहीये.” बाकीचे हसले. दीर दिवसभर घराच्या सावलीत हात वर धरून बसायला लागला, कारण खाली सोडला की ठणका लागायचा.

विहीर खोल गेली होती. दोघी जावा पहाटे निघायच्या. एकीनं दोर ओढायचा, दुसरीनं बादली धरायची. दोराला पाण्यापेक्षा चिखल जास्त. येताना वारा सुटलेला असायचा आणि हंड्याच्या तोंडाला बांधलेल्या फडक्यावर धुळीचा थर बसायचा. घरी आलं की पीठ पाण्यात उकळायचं. आधी ते चमच्याला धरायचं. आता वाटीतून पिता यायचं. धाकटी वाटायची: नवऱ्याला, चिमणीला, भोपळ्याला, थोरलीला, उरलं तर स्वतःला.

एकदा थोरलीच्या लक्षात आलं की भोपळ्याची वाटी पालथीच आहे.

“त्याला दिलं नाहीस?”

“झोपलाय.”

“उठव की.”

“झोपेत भूक कळत नाही. झोपू दे.”

दुसऱ्या दिवशीही तो झोपलेलाच होता. तिसऱ्या दिवशी थोरली पाणी घेऊन परतली तर तो पडद्याकडेला डोळे उघडे ठेवून पडला होता. हातात गोणपाटाचा दोरा होता आणि तो चोखत होता. तिनं हाक मारली तसं त्यानं बघितलं, पण हात पुढं केले नाहीत. चिमणी उंबऱ्यात बसली होती.

“याला काही दिलं का गं?”

“आई म्हणाली त्याला काही द्यायचं नाही,” चिमणी म्हणाली. “मोठी आई, मी माझ्यातलं दिलं तर आई मारेल?”

थोरलीला काय कळायचं ते कळलं. ती चुलीपाशी गेली, भांड्याच्या बुडाला चिकटलेलं बोटानं काढलं आणि पोराच्या तोंडात घातलं. त्यानं ते हळूहळू जिभेवर फिरवलं. मग धाकटी सरपण घेऊन आली आणि थोरली बोट पदराला पुसत उठली.

तिनं विचारायला हवं होतं. शब्द तोंडाशी आले होते. पण विचारलं की धाकटी म्हणणार, मग तुम्ही का नाही ओढलंत? म्हणून ती सरपण मोडायला बसली. धाकटीही बसली. दोघी एकमेकींकडे न बघता काटक्या मोडत राहिल्या.

पुढच्या मापाच्या दिवशी भोपळ्या रडला नाही. पट्टी दंडावर चढताना तो आपल्याच हाताकडे बघत होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. लाल. थोरलीनं पट्टी सोडली, परत लावली. लालच.

“लाल,” ती म्हणाली.

धाकटीनं डोळे मिटले आणि सुटकेचा श्वास सोडला. पोर परीक्षेत पास झाल्यावर आया सोडतात तसा. मागं उभ्या असलेल्या बायका तिच्याकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत हेवा होता. ते थोरलीनं बघितलं आणि पुढं कितीतरी दिवस तिला पोराच्या दंडाआधी बायकांचे ते डोळेच आठवायचे.

---

पाकिटं घरात आली. पहिलं भोपळ्याला फाडून दिलं. त्यानं थोडं चोखलं, थोडं गालावरून ओघळलं. उरलेलं चिमणीनं चाटलं. दुसरं चिमणीला आणि तिच्या बापाला. धाकटी भराभर बोलत होती. “आता होईल हिरवा. पोरांचं अंग भरायला वेळ लागत नाही. मग सगळ्यांनाच पुरवून पुरवून खाऊ.”

संध्याकाळी त्याला ओकारी झाली. मग हगवण. खाल्लेलं तसंच्या तसं पडत होतं. सकाळी पावलं गार होती आणि चेहरा फुगल्यासारखा दिसत होता. क्षणभर तो परत पहिल्यासारखा गोल वाटला आणि धाकटी म्हणाली, “बघा, भरलं ना अंग.” थोरलीनं गालावर बोट दाबलं. खळगा पडला तो तसाच राहिला.

“दवाखान्यात न्यायला हवं. आत्ता.”

आधी अशा पोरांसाठी दवाखान्याची जीप यायची. थोरली धावत रस्त्याच्या कामावर गेली आणि मुकादमाच्या फोनवरून सुपरवायझरशी बोलली. तो म्हणाला, जीप आहे, डिझेल नाही. ते पण त्याच पैशातून यायचं. मग म्हणाला, “निघा तुम्ही. चालत निघा. मी इकडून काहीतरी बघतो.”

दिरानं पोराला छातीशी बांधलं. काळा अंगठा वर धरून तो पुढं, मागं धाकटी, तिच्या मागं पाण्याची बाटली घेऊन थोरली. चिमणीला शेजारी ठेवलं. वाटेत झाड नव्हतं. आभाळ पांढरं होतं. धाकटी दर थोड्या वेळानं पुढं जाऊन पोराचं तोंड बघायची, पाण्यात भिजवलेलं फडकं ओठांना लावायची आणि परत मागं यायची. कोरड्या ओढ्याच्या काठाला ती अशीच पुढं गेली आणि फडकं लावलंच नाही. तिथंच खाली बसली.

“चल ना,” दीर म्हणाला. त्याला अजून कळलं नव्हतं. “बसलीस काय? चल.”

समोरून धूळ उडवत सुपरवायझर कुणाची तरी मोटरसायकल घेऊन येत होता. जवळ येऊन त्यानं गाडी बंद केली. बघितलं. मग गाडीवरून उतरून तो ओढ्याकडे तोंड करून उभा राहिला.

तिथल्याच काठाच्या मऊ जागेत त्याला पुरलं. दिराला अंगठ्यामुळं खणता येईना म्हणून सुपरवायझर आणि थोरलीनं खणलं.

---

धाकटी पीठपाणी वाटायची आणि हात चुकून पालथ्या वाटीकडे जायचा. एकदा तर तिनं ती सरळ करून भरलीसुद्धा. भरलेली वाटी चुलीपाशी तशीच राहिली. कुणी उचलेना. चिमणीला भूक होती, तरी तिनं हात लावला नाही. सकाळी त्यावर मुंग्या होत्या.

थोरलीला झोपेत पट्टी दिसायची. खिडकीत लाल आणि पिवळ्याच्या मधली बारीक रेघ. ती रेघ इकडं सरकायची, तिकडं सरकायची, आणि कुणीतरी पडद्याआडून गोणपाटाचा दोरा चोखत असल्यासारखा आवाज यायचा. जाग आली की आवाज वाऱ्याचा असायचा. तरी ती उठून पडदा बाजूला करायची. धाकटी जागीच असायची. दोघी एकमेकींना बघायच्या आणि पडदा परत पडायचा.

विहिरीवर एका पहाटे दोर ओढता ओढता धाकटी थांबली. बादली अधांतरी.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

थोरलीनं बादलीसाठी पुढं केलेला हात मागं घेतला.

“चिमणीनं सांगितलं मला. तुम्ही विचारलंत तिला. भांड्यातलं खरवडून त्याला भरवलंत. मग मला का नाही हो थोबाडलंत?”

“काय तोंडानं थोबाडू?”

“तुम्ही एवढंसं ओढलं असतं...” धाकटीनं अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. तिचा दोर सुटला. बादली खाली आदळली, भिंतीला लागत गेली, आणि तो आवाज बराच वेळ येत राहिला.

त्यानंतरच्या मापाला थोरलीनं पहिलंच पोर घेतलं. पिवळं. पण पोर फार शांत होतं. थोरलीनं त्याच्या ओठांकडे बघितलं, मग आईकडे. आईनं मान दुसरीकडे फिरवली. पुढचं पोर तसंच. त्याच्या पुढचंही. सगळी पिवळ्याच्या कडेला आणून उभी केलेली. वस्तीत घरोघरी काय चाललंय ते तिला एका सकाळीत कळलं.

पट्टी ओढायला जोर लागत नाही. नख किंचित रुतवायचं, बस्स. रंग बदलतो.

“लाल,” ती म्हणाली. “घे पाकिटं. आणि आजपासून पोराला पोटभर घाल. मी बघीन काय ते. ऐकतेस ना?”

बाईनं तिच्याकडे बघितलं आणि तिचा हात धरून कपाळाला लावला. थोरलीनं तो झटकन सोडवून घेतला.

---

खोकी लवकर संपली. नवा ट्रक यायला बरेच दिवस होते.

अशात खालच्या वस्तीतली कुंभारीण दुपारची आली. तिच्या वस्तीला पट्टी नव्हती, ती माणसं इथंच यायची. पाठीवर फडक्यात मुलगी बांधलेली. फडकं सोडलं तेव्हा थोरलीनं खिशात घातलेला हात तसाच राहिला. पट्टी लावायची गरज नव्हती. दंड म्हणजे कातडीत गुंडाळलेली काटकी होती आणि डोक्याचे केस विरळ होऊन तांबूस पडले होते.

“तुम्हीच ना पट्टीवाल्या?” कुंभारीण म्हणाली. “लाल असलं की देता म्हणे.”

“संपलं,” थोरली म्हणाली.

“संपलं म्हणजे?”

“म्हणजे नाही. खोकी रिकामी आहेत.”

“पण ही लाल आहे हो.” कुंभारणीला वाटलं बाईचा विश्वास बसत नाहीये. तिनं मुलीचा हात उचलून पुढं धरला. “बघा ना. लावून बघा तरी.”

थोरलीनं तिला छपराखाली बसवलं, पाणी दिलं आणि घरोघर निघाली. “एकेक पाकीट द्या. पुढच्या ट्रकला दुप्पट देते.” पहिल्या दारात बाई म्हणाली, संपली. तिच्या मागं कोनाड्यात पाकिटाचा चकचकीत कोपरा दिसत होता. दुसऱ्या दारात म्हणाल्या, विकली, तेल घेतलं. तिसरीनं दार लोटलं. जिनं हात कपाळाला लावला होता तिनं पोराला पोटाशी घट्ट धरलं आणि म्हणाली, “ताई, दुसरं काहीही मागा.” थोरलीला तिचा राग आला नाही. आपण त्या जागी असतो तर काय केलं असतं, हे तिला आता चांगलं माहीत होतं.

घरी आली तर धाकटी चुलीपाशी होती. थोरली उंबऱ्यातच बसली आणि सगळं सांगितलं. कुंभारीण, तिची मुलगी, बंद दारं. “मी ओढलं म्हणून गं. त्यांचं त्यांना गेलं आणि हिच्या वाटचं राहिलं नाही. नाही ओढलं तेव्हा तसं झालं, ओढलं तर असं. मी करू तरी काय?”

धाकटीनं विस्तवातलं लाकूड मागं ओढलं. मग उठली, रिकाम्या रांजणात हात घातला आणि फडक्यात बांधलेलं गाठोडं बाहेर काढलं. भोपळ्याची उरलेली पाकिटं होती. त्यानंतर घरात पिठाचा कण नव्हता असे दिवस गेले होते. चिमणी भुकेनं रडत झोपली होती. तरी तिनं ती काढली नव्हती.

“त्याची आहेत,” ती म्हणाली. “घशाखाली उतरली नसती.”

दिरानं गाठोड्याकडे बघितलं, मग चिमणीकडे.

दोघी छपराकडे गेल्या. धाकटीनं पाकिटाचा कोपरा दातानं फाडला, पण तोंडाला लावून दिलं नाही. बोटाच्या टोकावर थेंबभर घेतलं आणि मुलीच्या जिभेवर ठेवलं. थांबली. पाण्याचा घोट. परत थेंब. “एकदम नाही द्यायचं,” ती कुंभारणीला म्हणाली. “आतडं विसरलेलं असतं. मी एकदम दिलं होतं.”

त्या दिवसापासून त्या रोज पाणी भरून झालं की खालच्या वस्तीला जायच्या. ऊन डोक्यावर घेऊन जायचं, येताना सावल्या लांब झालेल्या. कुंभाराची भट्टी बंद होती, कच्ची मडकी ओळीनं उन्हात तडकत पडलेली. धाकटी मुलीला मांडीवर घ्यायची आणि थेंबाथेंबानं भरवायची. थोरली बाजूला बसून माश्या वारायची. एका दिवशी मुलीनं पाकीट हिसकून घेतलं आणि धाकटीच्या बोटाला चावली. रक्त आलं. धाकटी बोट बघत हसायला लागली, आणि हसताहसताच तिला रडू फुटलं. भोपळ्या गेल्यापासून ती पहिल्यांदा रडत होती. कुंभारीण घाबरली. थोरली म्हणाली, “रडू द्या तिला. तुम्ही मुलीला धरा.”

---

पुढचा ट्रक आला तेव्हा सुपरवायझरबरोबर एक परदेशी पाहुणा होता. उंच, म्हातारा, गुडघे धरून ट्रकमधून उतरला. ज्या देशांतून पैसे यायचे त्यातल्या एका देशाचा. इथलं बघायचं आणि तिकडं जाऊन सांगायचं, हे त्याचं काम होतं. बायका छपराखाली बसल्या तसा तोही जमिनीवर बसला. बसताना त्याला इतका त्रास झाला की चिमणीला हसू आलं.

सुपरवायझरनं थोरलीला बाजूला घेतलं. “तुमच्याकडे लाल एवढी कशी वाढली, असं वर विचारतायत. आजूबाजूला कुठं असं नाही.”

“मी पट्टी ओढली,” थोरली म्हणाली.

त्यानं डोळे चोळले. “हळू बोला.”

“हळू कशाला? विचारायलाच आलेत ना ते?”

“बाई, तुमची पट्टी जाईल. मी काय मुद्दाम देत नाही का पिवळ्याला? मी वर सांगून सांगून थकलो. एक पोर लाल होऊन दवाखान्यात गेलं की जेवढं लागतं, तेवढ्यात किती पिवळी सावरतात. मला कळतं, माझ्या साहेबाला कळतं, या पाहुण्यालाही कळतं. कळून होत नाही काही.”

पाहुण्यानं तिकडून विचारलं काय चाललंय. सुपरवायझर खिशात रुमाल शोधायला लागला. तेव्हा धाकटी उठली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती पाहुण्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि मग तो खाली आणि आपण वर हे बरं दिसेना म्हणून तीही बसली.

“त्यांना सांगा,” ती म्हणाली. “माझा मुलगा पिवळा होता. मी त्याला उपाशी ठेवला. लाल व्हावा म्हणून. झाला लाल. मग मेला.”

पाहुण्यानं सुपरवायझरकडे बघितलं. सुपरवायझरनं तोंड उघडलं, परत मिटलं.

“सांगा ना,” धाकटी म्हणाली.

त्यानं सांगितलं. पाहुण्याच्या भाषेत सांगायला दोनच वाक्यं लागली. पाहुण्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मागून एक आवाज आला, “मीही ठेवलं होतं.” बोलणारी वर बघत नव्हती. आणखी एकीनं पदर तोंडावर घेतला. जिनं थोरलीला दार लावलं होतं ती म्हणाली, “ताईंनी पट्टी ओढली नसती तर माझंही गेलं असतं. मी त्याच रस्त्याला होते.”

पाहुणा सुपरवायझरकडे न बघता, धाकटीकडेच बघून बोलत राहिला, आणि सुपरवायझर मागून सांगत गेला. “ते म्हणतात, तिकडं आम्हाला विचारतात लाल किती वाचवली. मुळात ती लाल झालीच कशी, असं कुणी विचारत नाही. ते म्हणतात, मी जाऊन हे सांगणार आहे, जसंच्या तसं. पण ऐकतील असं वचन देता येणार नाही. खोटं बोलायचं नाही म्हणतात.”

धाकटीनं मान हलवली. “त्याचं नावही सांगा म्हणावं. भोपळ्या.”

पाहुण्यानं ते नाव म्हणून बघितलं. त्याला ‘भ’ जमेना. धाकटीनं परत सांगितलं. त्यानं परत म्हणून बघितलं. जमेपर्यंत ती तिथंच बसून राहिली.

---

थोरलीची पट्टी गेली. नियमच तसा होता. सुपरवायझर मान खाली घालून घेऊन गेला. ती खालच्या वस्तीतल्या एका शिकलेल्या सुनेकडे दिली. थोरलीला वाटलं होतं सुटल्यासारखं होईल. तसं झालं नाही. रस्त्यात एखादं पोर समोर आलं की तिची नजर आधी दंडावर जायची.

पाऊस त्या साली झाला, पुरता नाही, पण झाला. पिवळ्याची पाकिटं त्यानंतर सुरू झाली. आधीपेक्षा कमी, आणि कधी ट्रक यायचा, कधी नाही. पाहुण्यानं सांगितलं म्हणून झालं, का तिकडं परत सरकार बदललं म्हणून, ते कुणाला कळलं नाही. सुपरवायझरलाही. कुंभाराच्या मुलीला केस आले. दिराचा अंगठा वाकडा जुळला आणि मुकादमानं त्याला परत कामावर घेतलं, नख नसलेल्या बोटाची रोज थट्टा करत.

रात्रीचा आवाज मात्र गेला नाही. दोघींनाही यायचा. आता त्या पडदा बाजूला करून नुसत्या बघत नसत. एखादीला जाग आली की दुसरी पाणी द्यायची.

मग धाकटीला दिवस गेले. कळा विहिरीवरच सुरू झाल्या आणि घरी पोचेपर्यंत तिनं थोरलीचा खांदा सोडला नाही. मुलगी झाली. लहानखुरी, सुरकुतलेली, आवाज मोठा. थोरलीनं तिला पुसलं, फडक्यात गुंडाळलं आणि उजेडासाठी दारापाशी घेऊन आली. फडक्यातून एक हात बाहेर निसटला. थोरलीचा अंगठा आणि बोट आपोआप पुढं गेलं आणि दंडाभोवती मिटलं.

आतून धाकटी बघत होती.

“काय करताय जाऊबाई? मोजताय?”

थोरलीनं बोटांकडे बघितलं. ती तिला काढता येईनात.

“नाही गं,” ती म्हणाली. “नुसतं धरलंय.”